खारबावची यादी

हैदराबाद

आबा,

मृणालीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर ती तुमच्या शेजारीच बसते आणि हे तिला इतक्यात कळायला नको, म्हणून लिहून कळवते.

निवडणुकीसाठी लोकांची माहिती विकणारी आमची कंपनी बदनाम होऊन बंद पडली, तेव्हा तुम्हाला वाटलं, सुटली पोर. पण त्याच कंपनीच्या साहेबांनी दोन नव्या कंपन्या काढल्या. इथे तसलं काम नाही म्हणाले, म्हणून मी एकीत लागले. मला विश्वास ठेवायचाच होता.

सोमवारी एका खाजगी दवाखान्याला विकायची यादी उघडली, तर त्यात आपलं खारबाव निघालं. पार्वतीकाकूंच्या नावापुढे लिहिलं होतं, 'मुलगा आजारी. उपचाराचं बोला, ऐकतील.' ते वाक्य माझंच. जुन्या कंपनीच्या सर्वेला मी गावात आले, तेव्हा तुम्ही मला त्यांच्या ओटीवर नेलंत. "आपलीच पोर हाय, सांग तिला," म्हणालात आणि त्या सगळं बोलल्या.

साहेबांना म्हटलं, माझ्या गावची नावं तरी काढा. ते हसले. "कंपनी बंद झाली, यादी कशी बंद होईल?"

काल मी राजीनामा दिला. यादी तिथेच राहिली, आबा.

काकूंना कोणाचा फोन आला, तर काही कबूल करू नका म्हणावं. बाकीचं रविवारी येऊन मी सांगेन. त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं, तर तुम्ही मध्ये पडू नका.

तुमची,
मृणाली