फोनला उठवायचं नाही

२ फेब्रु.
नियमांचा माझा मसुदा समितीत गेला. मेल-कॅलेंडरच्या सूचना फोनवर पाठवायची प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. सगळ्यांनी एकच पाळावी म्हणून हा खटाटोप. कॅलेंडरमधले बदल मी 'सावकाश' वर्गात टाकले. फोन झोपलेला असेल तर उठवायचा नाही, बॅटरी वाचते. एकाने विचारलं, घाईचा बदल असला तर? म्हटलं, मीटिंगच ना, कोण मरतंय! सगळे हसले.
संध्या. नणंदेच्या, वैशालीच्या फोनवर याच नियमांवर चालणारं चाचणीचं ॲप टाकलं. 'बॅटरी टिकेल' एवढंच सांगितलं. चाचणीचं आहे, हे नाही.

५ फेब्रु.
वैशालीची मुलाखत होती. तळोज्याच्या कारखान्यात, लॅबमध्ये. बाळंतपणानंतरची पहिलीच. मोठ्या हौसेने इस्त्रीचा ड्रेस घालून गेली आणि लगेच परत. गेटवरच कळलं, मुलाखती सकाळीच उरकल्या. वेळ अलीकडे घेतल्याचं कॅलेंडरवर सकाळी कळवलं होतं. तिचा फोन वाजला तो परतीच्या रिक्षात.
"वयनी, माजीच चूक हाय. बाळाच्या नादात फोन उगडलाच नाय."
सासूबाई म्हणाल्या, "येवडी शिकली, टाइम बगता येत नाय?"
मी मेथी निवडत राहिले.

६ फेब्रु.
सर्व्हरची नोंद तपासली. निरोप वेळेवर निघाला होता. वाटेत अडवून ठेवला, का तर 'सावकाश'. माझंच कलम. तिला सांगायला उठले. ती बाळाला झोपवत होती. तेवढं निमित्त पुरलं.

९ फेब्रु.
समितीचा कॉल. सांगितलं, एका वापरकर्तीची मुलाखत हुकली. नाव नाही, नातं नाही. कलम बदललं: त्याच दिवसाची वेळ हलली तर फोन उठवायचाच. अध्यक्ष म्हणाले, उदाहरण अगदी नेमकं दिलंत, आभार.
आभार!
जेवताना वैशालीने विचारलं, "तुजं काम झालं का गं मनासारकं?" हो म्हटलं आणि तिला भाकरी वाढली.

११ फेब्रु.
दुपारी वैशाली लॅपटॉपपाशी आली, बाळ कडेवर.
"वयनी, कंपनीला माफीचा मेल लिवून दे ना. अजून एक चान्स द्या म्हनावं. तुजं इंग्लिश चांगलं हाय."
"काय लिहू?"
"खरं तेच. चूक माजी होती, मी फोन बगला नाय."
'चूक माझी होती' इतकं इंग्लिशमध्ये टाइप केलं. बोटं पुढे जाईनात. ती शेजारी उभी, स्क्रीनकडे बघत. "पुडं?"
"वैशाली, बस जरा."
बसली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाळाने सूर लावला. "आलेच हां," म्हणून आत गेली पाजायला.
अर्धवट मेल समोर उघडा आहे. तिच्या नावाने, माझं वाक्य. सासूबाई शेजारी गेल्यात, घरात आम्ही दोघीच. बाळ गप्प झालंय. आता बाहेर आली की तिला खरं सांगते. आलीच ती.