जासुदाची समाधी

वडूज,
४ नोव्हेंबर १९४४

प्रिय आकाराम,

माधवनगरच्या गिरणीत रजा मिळणं किती अवघड, हे ठाऊक असूनही लिहितोय. आधी इकडची हकिकत ऐक.

गेल्या रविवारी बयामावशीबरोबर डोंगरावर जासुदाच्या समाधीला जाऊन आलो. शाळा चुकवून तू, मी आणि तिचा ज्योतिबा तिथं जायचो. त्या जासुदाची पावलं ऐकू येतात का, म्हणून दगडाला कान लावायचो. लढाईवर गेलेल्या गावच्या माणसांची खबर घेऊन तो धावत आला, शेवटच्या खिंडीत गाव दिसलं आणि तिथंच त्याचा ऊर फुटला, असं म्हणतात. तेव्हापासून त्याला पाणी घातलं की परमुलखातल्या माणसाची खबर लागते. पलटणीत गेलेल्या ज्योतिबासाठी मावशी श्रावणात नवस बोलली आणि दसऱ्याला तार आली. तो नवस फेडायचा होता.

वर वाट अशी राहिलेली नाही. लुगड्यात कुसळं भरत होती, पाय अनवाणी. भरली कळशी तिनं गावापासून डोक्यावर नेली, मला हातसुद्धा लावू दिला नाही. मी रिकाम्या हातांनी मागून चालत होतो. समाधीवर पाणी ओतून तिनं पदरानं दगड पुसला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मास्तर, तार तुमी वाचली म्हून कळलं. न्हाईतर माज्या लेकाचं मला कोन सांगनार हुतं?" मी खाली वाकून वहाणेचा अंगठा नीट करत बसलो.

उतरताना ती हरखून बोलत होती. ज्योतिबासाठी कवठे महांकाळची मुलगी पाहिलीय, रंगुबाईची धाकटी. येत्या शुक्रवारी सुपारी फुटायचीय.

आकाराम, त्या तारेत ज्योतिबा इटलीत कामी आल्याचं लिहिलं होतं. मावशी वैरणीचा भारा टाकून तशीच धावत आली होती, धापा टाकत माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या तोंडून निघालं, जखमी आहे, दवाखान्यात आहे. दोन दिवसांनी सांगू म्हणता म्हणता महिना उलटला. आता त्या पोरीचाही जन्म यात गुंतेल. काल दोनदा मावशीच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा तिनं चहा पाजला आणि मी परत आलो. गुरुवारच्या आत ये. तू काही बोलू नकोस, नुसता शेजारी बस. येणं जमलंच नाही, तर निदान एवढं कळव, पहिला शब्द कोणता काढू?

तुझाच,
बळवंत