भिंगरीचं जाकीट

मंगळवार, ता. ३

चि. खारूताईस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की तुझं शिवणाचं खोकं पोचलं. दोन सदरे, एक अभ्रा आणि तळाशी ते काळं जाकीट. अगं, काय ही दशा! कोपरं फाटलेली, खांदा उसवलेला, पाठीला हात जाईल एवढं भगदाड, आणि वर टाचण्याच टाचण्या! म्हटलं, पोर दिवसभर उभी राहून चित्रं काढते, सुईत दोरा ओवायलाही त्राण उरत नसेल. बसलेच. चार दिवस लागले. डोळ्यांतून पाणी गळतं हल्ली, पण रफू असं केलंय की शोधून दाखव. धुतलं, इस्त्री केली. शेजारची शिक्षिका म्हणाली, नवं घेतलंत का? मला आभाळ ठेंगणं झालंय. दुसरीच्या पुढे शिकले नाही, पण सुईपुढे कुणाची बिशाद आहे! प्रदर्शनाला हेच घालून जा. जेवतेस ना वेळेवर?

आमची माया आहेच, तुझी पातळ होऊ देऊ नकोस.

शुक्रवार, ता. ६

ती. आजीस, सा. न. वि. वि.

जाकीट मिळालं. ते माझं नाही गं. पुलाखाली चाकांच्या फळ्यांवर उड्या मारणाऱ्या मुली असतात, त्यांतल्या भिंगरीचं आहे. माझ्या मोठ्या चित्रात तीच आहे. बोगद्याच्या तोंडाशी, भिंतीला पाठ टेकून बसलेली, अंगावर गाडीच्या दिव्याचा झोत, चालता सिनेमा मध्येच थांबवावा तशी. उजेड नेमका फाटक्या बाह्यांवर पडतो, आणि त्याच रंगवायच्या राहिल्यात. थकून मी ते तुझ्या खोक्यात कोंबलं, चूक माझीच. पण भिंगरी म्हणाली, एकेक भोक एकेका पडण्याचं होतं, तुझ्या आजीनं माझी सहा वर्षं धुऊन टाकली. आता ती बसायला येत नाही. प्रदर्शन पंचवीसला. पाठ मोडलीय, ब्रश धरवत नाही. जाकीट परत पाठवलंय. उसवता येईल?

रागावू नकोस.
तुझी खारू

शनिवार, ता. १४

चि. खारूताईस, आजीचे ओशाळे आशीर्वाद.

तुझं पत्र अक्षर लावत तीनदा वाचलं. मग लागले उसवायला. डावं कोपर चार बोटं, तिरकं. खांदा नखाएवढा. खिशाशी दोन. सगळी भोकं बोटांना पाठ होती गं. टाचण्या डबीत ठेवलेल्या, त्या जागच्या जागी लावल्या. इस्त्रीची घडी काही जाईना, म्हणून ते घालून भांडी घासली, दुपारी त्यातच लवंडले. शिक्षिका म्हणाली, आजी, कुठल्या टोळीत शिरलात? म्हटलं, पुलाखालच्या! मजा आली बाई.

पाठीचं भगदाड मात्र उसवलं नाही. चित्रात पाठ भिंतीला आहे ना? मग कोण बघतंय. वारा तिथूनच शिरतो. भिंगरीला नको असेल तर परत पाठव, माझ्या हातानं फाडून देईन.

फार थकलेय. माया असू दे, दोघींचीही.

सोमवार, ता. २३

आजी,

तुम्ही मला ओळखत नाही, पत्र कसं लिहितात तेही मला माहीत नाही. पाच दिवस बसले. चित्र काल झालं. तुमची नात जमिनीवरच झोपलीय.

पाठ राहू दे. कोपराखाली परवा नवं भोक पडलंय, त्याला हात लावायचा नाही. सोबत मोजे पाठवतेय. ते शिवा.

भिंगरी