अँकर बोल्टाच्या भोकातल्या अक्षता

चिरंजीव निकेशराव,

सावलीहून तुझ्या गुणवंतभाऊजींचे भरघोस आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे माणसं खुशाल आहेत, गिरणीचं पुढे सांगतो. तिकडे माजरीच्या खाणीत कोळशाच्या धुळीने तुझा खोकला वाढला असेल तर अडुळशाचा काढा घे. फोन केला नाही, कारण फोनवर तू आधी हसतोस आणि मग ऐकतोस.

तुझ्या ताईने, म्हणजे आमच्या साधनाने, आपल्या साऱ्या शेळ्या विकून धान भरडायची लहान गिरणी घेतली हे तुला ठाऊक आहेच. नवं धान घरात यायच्या आत ती सुरू झाली नाही तर गिऱ्हाईक सवयीने बाजारातल्या जुन्या गिरणीकडे जाईल, आणि शेळ्याही गेल्या न् गिरणीही गेली असं होईल, ही तिची काळजी. गिरणी काँक्रीटला चार अँकर बोल्टांनी पक्की करायची होती. ते काम मी स्वतःच्या अंगावर घेतलं. (घरातल्या खाटांच्या निवारी आजवर मीच आवळत आलो आहे, आणि आवळणं म्हणजे आवळणं.) तू बजावलं होतंस, की भोक पुरेसं खोल पाडा, आतली भुकटी फुंकून साफ करा, नट आवळला की बोल्टाची नळी आत फुगते आणि काँक्रीटला धरते. भोकं मी अगदी सरळ पाडली. आता फुंकणार, तोच माझी आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन पुढे आली. म्हणाली, "पाया हाये बापा, रिकामा कसा ठेवाचा?"

मला ते पटलं. घराच्या पायात हळद, तांदूळ, सुपारी घातल्याशिवाय आपण दगड बसवत नाही, मग बोल्ट काय आभाळातून पडला आहे? प्रत्येक भोकात सुपारीचं खांड आणि मावतील तेवढ्या अक्षता घातल्या. भुकटी मुद्दाम राहू दिली (अक्षता तिच्यात नीट बसतात). त्यामुळे बोल्ट निम्मेच आत गेले, पण दिसायला भरभक्कम दिसत होते. नट आवळताना खाली तांदूळ कुरकुरले, तो मी शुभशकुन धरला.

उद्घाटनाला अर्धी आळी जमली. शेजारचे बापूराव मानाच्या खुर्चीवर बसले होते. साधनाने पहिलं सूपभर धान ओतलं, गिरणी थरथरली, एकेक बोल्ट वर आला आणि गिरणी सरळ बापूरावांकडे चालू लागली. त्यांनी आधी पाय वर घेतले, मग ते खुर्चीवर उभेच राहिले. शेवटी वायर पुरली नाही, प्लग निघाला आणि गिरणी थांबली. (यंत्रात ताकद आहे, हे तर सिद्ध झालं.) लोक पोट धरून हसले. साधना हसली नाही. भोकातले हळदीचे तांदूळ तिने तळहातावर घेतले आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "तुमी आता हात लावू नका. भोकं मी पाडतो."

एकंदरीत काम उत्तम चाललं आहे. वहिनींना आशीर्वाद, पोरांना पापा.

तुझा,
गुणवंतभाऊजी

ता. क. : येत्या रविवारी निघून ये. ड्रिलला साधना मला शिवू देत नाही.

पुन्हा ता. क. : येऊ नकोस. पत्र टाकायच्या आतच तिने गिरणी हातभर सरकवून नवी भोकं पाडली, सायकलच्या पंपाने भुकटी उडवली, बोल्ट पुरते आत घातले. आईच्या अक्षता गिरणीच्या माथ्यावर वाहिल्या. सकाळपासून भरडाई चालू आहे, दारात पोत्यांची रांग आहे, गिरणी तसूभर हललेली नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो, हे तिला सांगू नकोस, मीच सांगेन. बापूराव मात्र अजून पाय वर घेऊनच बसतात. माझं मागणं एवढंच, की दिवाळीला आलास म्हणजे चारचौघांत सांग, गिरणी सरकवायची कल्पना भाऊजींची. शेवटी ती सरकते हे आधी मीच दाखवलं ना.