जवस, मीठ आन् दोन किलोमीटरची लाइन

२ डिसें.
काल चंद्रपूरच्या डॉक्टरले दाखवलं. चढ चढली की छाती आवळते, खोकला येते, तो दमाच म्हणे. चालायच्या पंधरा मिनिटं आधी श्वासाचा पंप घ्यायचा, तो सोडायचा नाई. सोबत मीठ कमी, जवस, मासे. पोट तुडुंब भरून चालायचं नाई. "खाण्यानं मदत होईल, पंपाची जागा नाई घेणार."
जानेवारीत प्राणीगणना. रोज सकाळी थंडीत दोन किमीची सरळ लाइन, आवाज न करता, प्राणी मोजत चालायची. रेंजर साहेबाले समजलं तर मले मोहर्लीच्या नाक्यावर बसवतील, पावत्या फाडत. तेरा वर्षं गार्ड म्हणून जंगलात चालली, आता खुर्ची? नाई बा. घराबाहेर कोणाले सांगायचं नाई.

५ डिसें.
परवा सासू म्हणे, "नाका मागून घे ना बाई. सावली हाय, पंखा हाय." डोकं फिरलं माझं, दोन दिवस बोलली नाई. मग त्यांनीच जवस भाजून चटणी कुटली. मोठा डबाभर.

१४ डिसें.
भाजी अळणी. तिन्ही टाइम जवस चटणी आन् मासे. पंप झाडाआड जाऊन घेते. माझे वनमजूर देवाजीभाऊ, त्यायले वाटते मी बाजूले गेली. तरी आज नाल्याच्या चढावर थांबावंच लागलं. इतकं सांभाळून पण काऊन? डॉक्टरचाच राग आला.

१७ डिसें.
फजिती. दुपारी डबा उघडला, देवाजीभाऊनं चिमूटभर चटणी तोंडात टाकली. "मॅडम, जवसात मीठ हाय का मिठात जवस?"
महिनाभर टिकावी म्हणून सासूनं मूठभर मीठ घातलेलं. आमच्याकडं घालतातच. मासे म्हणजे बाजारातले, सुकवलेले, खारवलेले. अळणी भाजी खाऊन मी दुप्पट मीठ पोटात घालून राह्यली होती. हसू आवरेना, हसता हसता खोकला. पंप त्यायच्यासमोरच घेतला. भाऊ माझी काठी धरून उभे राह्यले.

१८ डिसें.
नवी चटणी. लसूण, मिरची, चिंच, मीठ नाई. सासूनं चाखली. "ही तर ढेप झाली. ढोराले घाल." मले आवडली.
मासे आता तलावातले, ताजे.

३ जाने.
चढ चढली. दोनदा. छाती मोकळी. निघताना पेलाभर आंबील, भात परत आल्यावर. जवसानं झालं, पंपानं, का सुरुवातीले हळू चालल्यानं, देव जाणे. सगळंच चालू ठेवते. लय खूश.

११ जाने.
उद्यापासून गणना. साहेबांनी यादी वाचली, माझं नाव आलं. लपवून जायचंच ठरवलं होतं. पण मागं देवाजीभाऊ चालणार, जंगलात मले काही झालं तर बोल त्यायले लागणार. उभी राह्यली. दमा हाय म्हटलं, पंप दाखवला.
"आधी काऊन नाई सांगितलं?"
"नाक्यावर बसवलं असतं तुम्ही."
साहेबांनी पेन माझ्या नावावर टेकवला. मग उचलला. "उद्या मी तुमच्या मागं चालतो. मग ठरवू."
सांगून टाकलं, बरं वाटून राह्यलं.

१२ जाने.
चालली. पंप घेतला, आंबील घेतली, निघाली. चितळं दिसली, एक पण पळालं नाई. चढावर मागून बारीक आवाज आला, "थांबा जरा." साहेब गुडघ्यावर हात टेकून वाकलेले, तोंड लालबुंद. मी थांबली. देवाजीभाऊ आभाळाकडं पाहत होते.
लाइन संपली तरी साहेब नाक्याचं काही बोलले नाई. जीपमध्ये बसताना एवढंच, "उद्या तलावाकडची लाइन. तिथं थंडी जास्त राहते."
माझ्यासाठी बोलले का सोतासाठी, ते काही समजलं नाई.