पाठ लागली का?

प्रिय योगिनीस,

फोन उचलत न्हाईस म्हणून लिहितेय. उचलला असतास तरी मी बोलले नसते. फोन तुझ्या बापाचा, आणि मी बोलायला लागले की त्याला नेमकं त्याच खोलीत काम निघतं. माझी शाळा चौथीपतोर. अक्षर वाकडं असंल, समजून घे. तुझा आतेभाऊ दीपक उद्या तिकडं येतोय, त्याच्या हातनं धाडतेय. पाकीट उघडलेलं दिसलं तर कळव, त्याच्या आईला मीच जन्म दिलाय, बघते तिच्याकडं.

दिवाळीला आलीस तवा तुझ्या मानंवर वळ होते. म्हणलीस, सराव. मानंवर वळ सरावानं उठतात असं मला आजवर कुणी सांगितलं न्हवतं. मग मी बारामतीला आले ती गुडघा दाखवायला आले न्हवते. तुमच्या त्या जिउजित्सूच्या, परदेशी कुस्तीच्या क्लासात चपलांपाशी दोन संध्याकाळ बसले, ती तुझ्या मास्तरावर नजर ठेवायला. "आजी, पाणी घ्या," म्हणला तो यशराज मास्तर. मी घेतलं न्हाय. गोड बोलणारा मास्तर मला पटत न्हाय. एका पोरीनं तुझ्या मानंला पायांचा विळखा घातला, तू तिच्या अंगावर दोन थापा मारल्यास, तिनं लगेच सोडलं. पुढं तू मास्तराचा हात पिरगाळलास, त्यानं थाप मारली, तू सोडलास. शिकवणाराच हार मानतो आणि वर हसतो! ही कसली विद्या? पण थाप पडल्यावर कुणी घटकाभर जास्त धरलं न्हाय, हे मी दोन्ही दिवस बघितलं. वळ कशाचे ते कळलं. मास्तरावरचा संशय पुरता गेला न्हाय, थोडा ठेवलाय.

बापाची अट तुला ठाऊकच हाय. इंदापूरची स्पर्धा जिंकलीस तर कॉलेज संपेपतोर बारामतीत राहायचं, खेळायचं. हरलीस तर गाठोडं बांधून कोऱ्हाळ्याला. साक्षीला मला धाडलं. "आई, तुझ्या नजरंतनं काय सुटत न्हाय," म्हणला. मी फुगले. म्हातारपणी कुणी कौतुक करत न्हाय, म्हणून फुगले.

कुस्ती मी बघितलेली हाय. तुझा आजा पैलवान. जत्रंत बायांना फडाजवळ बसू देत न्हवते, मी शकुबाईच्या माडीवर चढून बघायची. तितनं डाव-बिव काय दिसायचे न्हाईत. पाठ कुणाची लागली तेवढं दिसायचं. पाठ लागली की संपलं, लोक फेटे उडवायचे, मी खाली उतरून भाकरी थापायला जायची. इंदापूरला त्या मंगल कार्यालयात निळ्या गाद्यांवर तू उभी राहिलीस, समोर अकलूजची ती रेड्यासारखी पोरगी. तू तिची बाही धरलीस आणि आपणहून खाली बसलीस, बसलीस ती थेट पाठीवर! तिनं पाडलं असतं तर मी सोसलं असतं. आपणहून आडवी होती म्हणजे कुणीतरी हरायला पढवलंय, असं डोक्यात आलं. मास्तराकडं बघितलं, तर तो टाळ्या वाजवतोय. मी पिशवी उचलली आणि सरळ एसटी स्टँड गाठलं.

घरात पाऊल टाकलं तर बापानं कोण जिंकलं ते विचारलं न्हाय. "पाठ लागली का?" एवढंच. मी म्हणलं, लागली. "ऐकलं न्हवं सगळ्यांनी," म्हणला. तुझ्या आईनं त्याच्याच मोबाईलवर तुझं पदक दाखवलं, तर म्हणला, "पदकं काय, वाटत्यात सगळ्यांना." मीबी मान डोलावली. दोन दिवस तुझी आई माझ्यापुढं ताट ठेवून तोंड फिरवती.

काल दीपक वालचंदनगरहून आला, त्यानं त्याच्या फोनवर सगळा खेळ दाखवला. तू पाठीवर, पाय तिच्या पोटाला, बाही मुठीत. ती वरनं दाबतेय. तू एका पायानं तिला आडवलंस, दुसऱ्यानं तिचा गुडघा झाडलास, आणि ती खाली, तू वर. मग तिचा हात मांड्यांत धरून असा ताणलास की तिनं थापा मारल्या. मी चार वेळा बघितलं. पाचव्यांदा दीपकनं फोन काढून घेतला. म्हणलं, आरं, पाठ लागल्यावर कशी जिंकली? तर हसला. "आज्जे, ह्यात पाठ लागली म्हणून कुणी हरत न्हाय. योगिनी तर खालनंच खेळती. महिपतीमामाला मी गणपतीतच सांगितलंय, त्यानं खोदून खोदून विचारलं हुतं."

गणपतीत. अट घातली दिवाळीला. पोरी, त्यानं माझी नजर न्हाय धाडली, माझं अज्ञान धाडलं. तू पाठ टेकणार आणि म्हातारी उठून येणार, हे त्याला आधीच ठाऊक हुतं. सोमवारी निमगावचे पाहुणे तुला बघायला येणार हायत, हे आम्हा बायांना आज कळलं. माझ्या पोटचा हाय तो. एवढा हुशार कधी झाला, मला कळलं न्हाय.

म्हणून हे लिहिलं. रविवारी तो जीप घेऊन येईल, "आजीनं डोळ्यांनी बघितलंय" म्हणंल. तू पेटीला हात लावू नकोस. मीबी त्याच जीपमधनं येणार हाय, त्याला अजून सांगितलेलं न्हाय. हॉस्टेलच्या दारात, तुझ्या मैत्रिणींच्या देखत सांगणार, की मी अर्ध्यातनं उठले आणि सगळं बघितल्याचं खोटं भासवलं, आणि ते खोटं महिपतीला पाहिजेच हुतं. मला माफी-बिफी मागता येत न्हाय, तू रडूबी नकोस. मग तू वर जायचं आणि आतनं कडी लावायची. मी त्याच्या शेजारी बसून, त्याला ऐकवत ऐकवत घरी जाईन. कोऱ्हाळं यायला अर्धा तास लागतो, आणि त्याला गाडी चालवायची असल्यानं उठून जाता येणार न्हाय.

तुझीच,
सारजा आजी