जुना गॅस कुठे जातो

४ मार्च

ताईने अडकवलं! शुक्रवारी शाळेत आठवीच्या मुलांसमोर बोलायचं म्हणे. मी? एसी-फ्रिज दुरुस्त करणारा माणूस! "पृथ्वी का तापते ते मी शिकवते, थंडी कशी करतात ते तू सांग. भाव खाऊ नकोस, ये." विज्ञानाची बाई झाली तरी माझ्याशी बोलताना थोरल्या बहिणीचा हुकूमच. हो म्हटलं. मनातून खूष आहे, कशाला खोटं लिहू? नवा शर्ट काढून ठेवलाय.

७ मार्च

आधी ताईचा तास झाला. शेवटच्या बाकावर गुडघे मुडपून ऐकला. ऊन आत येतं, जमीन तापते, ती ऊब परत वर सोडते. पण हवेत काही वायू असे, की ऊन येऊ देतात आणि ऊब धरून ठेवतात. पांघरूणच! ते नसतं तर सगळे गारठून मेलो असतो. पण धूर सोडून सोडून आपण ते जाड करत चाललोय — म्हणून उन्हाळे लांबतायत, बर्फ वितळतंय, पावसाचा नेम राहिलेला नाही. मी शहाण्यासारखी मान डोलावत होतो. तेवढ्यात ताई म्हणाली, एसीतला गॅस त्याहून वाईट. एक किलो सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या दीड-दोन हजार किलोंइतकी ऊब अडवतो.

मग माझी पाळी. म्हटलं, मुलांनो, थंडी कोणी बनवत नाही. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची, एवढीच आमची हमाली! खसखस पिकली. मग दोन वेण्यांची एक मुलगी उठली.

"काका, दुरुस्त करताना आतला जुना गॅस कुठे जातो?"

"काढून टाकतो."

"कुठे?"

"हवेत."

ताईने खडू खाली ठेवला. 

नटाला पाना, एक फेरा, फुस्स! सव्वीस वर्षं हेच केलं. रंग नाही, वास नाही, गेला की गेला. प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणा. कळलं होतं, वळलं नव्हतं. आज लाज वाटली. कान गरम होईपर्यंत.

८ मार्च

ही म्हणाली, "तोंड का पाडलंय?" सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग आता बंद करा. गळा काय काढता?" सव्वीस वर्षांचा निकाल एका वाक्यात! बायको असावी तर अशी.

१९ मार्च

गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं मशीन आणलं. जुनंच, पण खोलून साफ केलं, आता मांजरासारखं गुरगुरतं. दुकानातला भागीदार — आम्ही त्याला पक्कडच म्हणतो — पोट धरून हसला. "जपून ठेव! म्हातारपणी हुंगायला होईल." वर म्हणतो, नव्याचे नऊ दिवस. बघू.

ताईला फोन केला. ती मुलगी विचारत होती म्हणे, काकांनी काय ठरवलं? म्हटलं, सांग तिला, सिलिंडर भरला की कळवतो. शब्द दिला.

२ एप्रिल

गिऱ्हाईक वैतागलं. "शेजारचा पाच मिनिटांत करतो, तुम्हाला अर्धा तास?" म्हटलं, साहेब, बसा, पंखा लावतो.

२६ एप्रिल

काय ऊन! कामांचा नुसता पाऊस. मग डोक्यात आलं — गॅस सोडला की उन्हाळा वाढतो, उन्हाळा वाढला की एसी वाढतात, एसी वाढले की मी! म्हणजे इतकी वर्षं माझं गिऱ्हाईक मीच तापवत होतो? पक्कडला सांगितलं. या वेळी हसला नाही. दुपारी एका एसीचा नट सैल करायला गेला, थांबला, आणि गुपचूप मशीनची नळी ओढून घेतली. मी दुसरीकडे बघितलं. बोललो असतो तर बिथरला असता!

चारच्या सुमारास ही चहा घेऊन आली. सिलिंडर काट्यावर ठेवून दाखवला. पाच किलो! थेंबे थेंबे तळे साचे. तिघं चहा पीत बसलो, मशीन गुरगुरत होतं. फार बरं वाटलं. काम तेच, पण हात हलके झाल्यासारखे.

३० मे

नऊ किलो! भरला! जुना गॅस जमा करतात त्या डेपोत सोमवारी नेतो. तिथे तो शुद्ध करून परत वापरतात. हिने सिलिंडर ओल्या फडक्याने पुसला, जसा काही पाहुण्यांकडे निघालाय. त्या मुलीने ताईबरोबर चित्र पाठवलंय — सिलिंडरला डोळे आणि मिशा! मिशा माझ्या आहेत. दुकानात लावलं.

२ जून

डेपोतल्या माणसाने हसून सिलिंडर मागच्या अंगणात नेला. मी खिडकीशी पावतीवर सही करत होतो. मागून आवाज आला. फुस्स — थांबेचना. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. धावलो, व्हॉल्व्ह बंद केला. काट्यावर साडेतीन किलो उरला होता. "शुद्ध करायचं मशीन दोन महिने बंद आहे हो," तो म्हणाला. "सगळ्यांचे असेच रिकामे करतो."

ओरडणार होतो. कोणत्या तोंडाने? म्हटलं, मशीन दाखव.

एक वायर सुटली होती. पाच मिनिटांचं काम.